संगणक मंदावला म्हणजे व्हायरसच शिरला असे नव्हे

घरातील संगणक सुरू व्हायला पाच-दहा मिनिटे घेऊ लागला, ब्राउझर उघडताना अडकू लागला किंवा प्रवेशाचा अर्ज भरता भरता मध्येच हँग झाला, की ‘व्हायरस शिरला असेल, फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला शेजारच्या विद्यार्थ्यापासून दुकानदारापर्यंत सर्वांकडून मिळतो. नाशिकमधील वाचकांचे याविषयीचे प्रश्नही बहुतेक याच वळणाचे असतात: व्हायरस आहे का, फॉरमॅट करावे लागेल का आणि त्यात फोटो व कागदपत्रे जातील का? या प्रश्नांत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते आणि ती सोडवल्याशिवाय कोणताही खर्च करू नये, असे येथे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे.

संगणकाचा मंदपणा ही बहुतेक वेळा यंत्राचे वय, अपुरी मेमरी, झिजलेली डिस्क किंवा अनावश्यक प्रोग्रॅमची गर्दी यांची तक्रार असते. याउलट मालवेअर, म्हणजे वापरकर्त्याच्या नकळत संगणकात शिरून चोरी, हेरगिरी किंवा नासधूस करणारा कोणताही प्रोग्रॅम (व्हायरस हा त्याचा केवळ एक प्रकार), शक्य तितका गुपचूप राहण्याचा प्रयत्न करतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम तर काही मिनिटांत काम उरकून निघूनही जातात आणि संगणक पूर्वीसारखाच वेगाने चालत राहतो. म्हणून मंद संगणक संसर्गमुक्त असू शकतो आणि वेगवान संगणक संसर्गग्रस्त असू शकतो, हे लक्षात घेऊन दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे कराव्यात.

पहिली तपासणी: मंदपणाचे कारण

सर्वप्रथम संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘शटडाउन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो, जेणेकरून पुढच्या वेळी ती लवकर सुरू व्हावी. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणकही प्रत्यक्षात कित्येक आठवडे ताजा सुरू झालेला नसतो. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कोणता प्रोग्रॅम संगणकाची किती शक्ती वापरत आहे, हे दाखवणारा हा तक्ता आहे. काहीही न उघडता दहा मिनिटे थांबून त्यातील रकाने पाहावेत.

- डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ: जुन्या संगणकांत हे सर्वाधिक आढळणारे कारण असून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: चार जीबी रॅम आजच्या ब्राउझरला पुरत नाही. आठ जीबीपर्यंत वाढ करता येते का, हे संगणकाच्या मॉडेलवरून दुकानात विचारावे.
- सीपीयू विनाकारण चढलेला: ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ किंवा ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ ही नावे वर दिसल्यास घाबरू नये; पहिला विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आहे आणि दुसरा अद्ययावतीकरणाचे काम करतो. आठवड्यातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या संगणकाचा पहिला तास बहुधा या दोघांच्या साचलेल्या कामात जातो, तेव्हा त्यांना ते पुरे करू द्यावे. मात्र अनोळखी नावाचा प्रोग्रॅम संगणक रिकामा असताना सीपीयू व्यापून बसत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असेल, तर आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन निर्माण करणाऱ्या मालवेअरची शंका घेणे रास्त ठरते.
- सर्व रकाने शांत, तरीही संकेतस्थळे मंद: दोष संगणकाचा नसून इंटरनेट जोडणीचा किंवा वायफायचा आहे. त्याच वायफायवर मोबाइल लावून पाहिल्यास लगेच उलगडा होतो.

याच तक्त्यातील ‘स्टार्टअप ॲप्स’ या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर, चॅटिंगची ॲप्स यांपैकी रोज न लागणारी ‘डिसेबल’ करावीत. त्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू होणे थांबते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असल्यास साधारण पाचवा हिस्सा मोकळा करावा. दोन अँटीव्हायरस एकत्र बसवले असल्यास एक काढून टाकावा, कारण दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागतात आणि संरक्षण न वाढता ओझे मात्र दुप्पट होते.

उष्णतेचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या घरात जातो आणि भिंतीला चिकटवलेल्या किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये धुळीने पंखा गुदमरला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी करतो. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी रेंगाळत असेल, तर आधी धूळ साफ करून घ्यावी.

डिस्क बदलणे हा बहुधा उत्तम खर्च

सुमारे २०१८ पूर्वी घेतलेल्या बहुतेक घरगुती संगणकांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. आजचे विंडोज एकाच वेळी शेकडो लहान फाइली वाचते-लिहिते आणि तबकडीवरील वाचक-काटा त्यासाठी सारखा इकडून तिकडे धावत राहतो. डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हा अडथळा उरत नाही. ज्या घरात नवा संगणक घेण्याचे घाटत आहे, तेथे प्रथम २५६ जीबीची एसएसडी बसवून पाहावी. पाच-सात वर्षांचा संगणकही कार्यालयीन कामाला आणि अभ्यासाला पुन्हा पुरेसा ठरतो, हे अनेकदा सिद्ध झालेले आहे.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फाइली उघडताना वारंवार चुका दाखवल्या जात असतील, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून महत्त्वाच्या फाइली त्याच दिवशी अन्यत्र उतरवून घ्याव्यात. अशा डिस्कवर स्कॅन किंवा डीफ्रॅग चालवणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य संपवणे होय.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले असून नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांसाठी जाहीर केलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही अट पूर्ण न करणाऱ्या संगणकावर केवळ ब्राउझर आणि लेखनकाम असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवण्याचा पर्याय खुला आहे; मराठी टंकलेखनही त्यावर करता येते.

अद्ययावतीकरण टाळण्याची किंमत किती मोठी असते, हे १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने दाखवून दिले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या मालवेअरने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी जवळजवळ दोन महिने, १४ मार्च रोजीच, उपलब्ध करून दिली होती.

दुसरी तपासणी: संसर्गाची खरी लक्षणे

पुढीलपैकी एक जरी लक्षण आढळले, तरी संगणक वेगवान असला तरी संशय घ्यावा:

- विंडोजचा सुरक्षा-प्रोग्रॅम आपोआप बंद झालेला असणे आणि पुन्हा सुरू न होणे;
- ब्राउझरचे मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र आपण न बदलता बदलणे, अनोळखी ‘एक्स्टेन्शन’ दिसणे;
- आपल्या ईमेलवरून किंवा समाजमाध्यमाच्या खात्यावरून आपण न पाठवलेले संदेश जाणे, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याच्या सूचना येणे;
- फाइलींच्या नावांना विचित्र शेपूट लागून त्या न उघडणे आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसणे.

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले’ अशा चौकटी वारंवार येणे हे मात्र या यादीत मुद्दामच घेतलेले नाही. बहुतेक वेळा तो संसर्ग नसतो. चित्रपट किंवा सामने फुकट दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाऊ’ दाबून नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी कधीतरी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘साइट सेटिंग्ज’ व त्यातील ‘नोटिफिकेशन्स’ येथे जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून टाकली, की चौकटी थांबतात. एवढ्याशा कामासाठी फॉरमॅटचे पैसे मोजलेली कुटुंबे थोडी नाहीत.

मालवेअर घरात येतो कसा

सर्वांत मोठे दार चोरीच्या सॉफ्टवेअरचे आहे. फोटोशॉप, कोरल ड्रॉ, टॅली किंवा एखाद्या मराठी फाँट-प्रणालीची ‘क्रॅक’ प्रत बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि ती पाळणारा वापरकर्ता आपल्याच हाताने पहारा उठवतो. विंडोज फुकट ‘ॲक्टिव्हेट’ करणाऱ्या साधनांचेही तसेच आहे. छपाईचे घरगुती काम करणाऱ्यांनी या बाबतीत अधिक जपावे, कारण ग्राहकांची ओळखपत्रे आणि मजकूरही त्याच संगणकात असतात.

दुसरे दार पेन ड्राइव्हचे. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेन ड्राइव्ह घरी लावल्यावर सगळी फोल्डर्स ‘शॉर्टकट’ झालेली दिसतात, तेव्हा मूळ फाइली नष्ट झालेल्या नसतात. मालवेअरने त्या लपवून त्याच नावाचा शॉर्टकट पुढे केलेला असतो, आणि त्यावर दोनदा क्लिक केले, की आधी मालवेअर चालतो व मग फोल्डर उघडते, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. अशा शॉर्टकटवर क्लिक न करता प्रथम पेन ड्राइव्ह स्कॅन करावा. नंतर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवण्याची खूण करावी आणि फोल्डर ऑप्शन्समधील प्रणालीच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण तात्पुरती काढावी. मूळ फोल्डर्स फिकट रंगात दिसू लागतात. त्यांतील कागदपत्रे उतरवून घेऊन पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. यापुढे छपाईसाठी फक्त हवी ती पीडीएफ असलेला वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा.

तिसरा मार्ग अलीकडचा आणि फार फसवा आहे. संकेतस्थळ ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करा’ असे सांगते, पण चित्रे ओळखायला लावण्याऐवजी विंडोजची कळ व आर दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा, मग एंटर दाबा, असे तीन टप्पे सांगते. पहिल्या टप्प्याने विंडोजची आज्ञा-चौकट उघडते, दुसऱ्याने संकेतस्थळाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तेथे उमटते आणि तिसऱ्याने वापरकर्ता स्वतःच मालवेअर बोलावून घेतो. कोणतीही खरी पडताळणी अशा कळा दाबायला सांगत नाही. अशी सूचना दिसताच ते पान बंद करावे. सिंहस्थाच्या निमित्ताने निवासाची नोंदणी करू देणारी बनावट संकेतस्थळेही फोफावू शकतात, तेव्हा येणाऱ्या नातलगांनाही हे सांगून ठेवावे.

चौथा मार्ग फोनचा. पडदाभर लाल इशारा, भोंग्याचा आवाज आणि ‘मदतीसाठी’ एक क्रमांक, असे दृश्य दिसल्यास ते केवळ एक संकेतस्थळ असते. एस्केप कळ दाबून धरावी किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. त्या क्रमांकावर फोन करणाऱ्याला एनीडेस्कसारखे दूरस्थ-नियंत्रणाचे ॲप बसवायला लावून त्याच्याच डोळ्यांदेखत बँकेचे खाते रिकामे केले जाते. हा धंदा दूर कुठे चालतो असे समजू नये: ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे एका रिसॉर्टमध्ये चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. तेथून ॲमेझॉनचे मदत केंद्र असल्याचे भासवून परदेशी नागरिकांना फसवले जात होते, असा आरोप आहे.

संसर्गाची खात्री किंवा दाट शंका असल्यास

येथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईत पासवर्ड बदलणारे बहुसंख्य लोक तो त्याच संक्रमित संगणकावरून बदलतात आणि नवा पासवर्डही चोराच्या हाती देतात.

1. वायफाय बंद करावे किंवा केबल काढावी.
2. दुसऱ्या, विश्वासू उपकरणावरून प्रथम ईमेलचा, मग बँकेचा, मग इतर पासवर्ड बदलावेत आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय निवडावा. चोरीला गेलेली ‘कुकी’, म्हणजे आपण आधीच लॉगिन केले असल्याची ब्राउझरमधील खूण, पासवर्ड बदलला तरी काही ठिकाणी चालूच राहते, म्हणून हा दुसरा भाग वगळू नये.
3. फोटो व कागदपत्रे बाहेरील डिस्कवर उतरवावीत. प्रोग्रॅम आणि इन्स्टॉलर उतरवू नयेत.
4. विंडोज सिक्युरिटीमधील ‘स्कॅन ऑप्शन्स’ येथून ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच ही तपासणी होत असल्याने दडून बसलेला मालवेअरही सापडू शकतो.
5. दुसरे मत म्हणून भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधने वापरावीत; पुण्याच्या क्विक हीलसह काही भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने ती दिली जातात. संकेतस्थळ सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन.
6. पासवर्ड चोरणारा किंवा दूरस्थ ताबा घेणारा मालवेअर सापडल्यास मात्र तो ‘साफ झाला’ यावर विसंबू नये; अशा वेळी विंडोज नव्याने बसवणे हेच योग्य.

फाइली कुलूपबंद झाल्या असल्यास खंडणी देऊ नये, कारण पैसे देऊनही फाइली परत मिळतील याची शाश्वती नसते. २०१६ मध्ये युरोपीय पोलीस यंत्रणांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या मोफत किल्ल्या मिळतात. आज किल्ली नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून कुलूपबंद फाइली जपून ठेवाव्यात.

संगणक दुरुस्तीला देताना

- ‘फॉरमॅट’ म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसणार की सर्व ड्राइव्ह, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डर्स सी ड्राइव्हवरच असतात, याचा विसर पडून असंख्य फोटो गेले आहेत.
- ब्राउझरमधील खात्यांतून बाहेर पडून साठवलेले पासवर्ड काढावेत.
- विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केलेली असते. मदरबोर्ड बदलल्यास ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते आणि ती नसल्यास माहिती कायमची जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून ठेवावी.
- डिस्क व रॅमचे अनुक्रमांक पावतीवर घ्यावेत, अंदाजे खर्च आधी लेखी मागावा आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा. जुन्या डिस्कमध्ये आपली सर्व माहिती असते.

पैसे गेले असल्यास आणि दुकानदाराने फसवल्यास

खात्यातून पैसे गेल्याचे कळताच बँकेला कळवावे आणि त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी रोखता येते ती पहिल्या काही तासांतच. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे किंवा नाशिक शहर अथवा ग्रामीण पोलिसांच्या सायबर ठाण्यात करता येते. व्यवहाराचे क्रमांक, संदेश आणि पडद्याची छायाचित्रे जपावीत, आणि या पुराव्यांसाठीच तक्रार होईपर्यंत संगणक फॉरमॅट करू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिलेले सूत्र असे आहे, की ग्राहकाचा व बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः सांगितला असल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते, पण कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. नाशिकमध्ये अनेकांची खाती सहकारी बँकांत आहेत. त्यांच्यासाठी असेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. नियमांत वेळोवेळी दुरुस्ती होत असल्याने आपल्या बँकेचे चालू धोरण एकदा वाचून ठेवावे, आणि बँकेकडून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

दुकानदाराच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. सेवेचे बिल न देणे आणि ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टी त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी. तेथे तडजोड न झाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही आणि तक्रारदाराला वकिलाविना स्वतःची बाजू मांडता येते.